आपोआप पाणी पिणारा रोपांचा ट्रे घरीच कसा करावा

बी रुजल्यापासून चार पानं येईपर्यंतचा काळ रोपासाठी सगळ्यात नाजूक असतो. मुळं जेमतेम बोटभर खोल गेलेली असतात. ट्रेचा वरचा थर एखाद्या दुपारी कडकडीत वाळला तरी कोंब मान टाकतो, आणि या धास्तीने सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिलं तर बुरशी लागून रोपं बुंध्यातून कोलमडतात. दोन्हींवर उपाय एकच, ओलावा सतत सारखा ठेवणं. खालून पाणी देणारा ट्रे नेमकं तेच करतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत मिरची-टोमॅटोची रोपं करणाऱ्यांनी, आणि गणपतीत आठवडाभर गावी जाणाऱ्यांनी तर नक्कीच, तो एकदा करून बघावा.

बाजारात याचे तयार संच मिळतात. खाली पाण्याचा डबा, मध्ये पाणी शोषणारी चटई, वर खाचांचा ट्रे आणि पारदर्शक झाकण, एवढाच त्यांचा ऐवज. कंदिलाची वात तेल ओढते तसंच इथे वात पाणी ओढते. वरचा ओलावा जसा उडतो, तसं खालून पाणी चढतं.

वात आणि डबा

चार-पाच लिटरचा, झाकणाचा, चपटा प्लास्टिकचा डबा घ्या. पारदर्शक असेल तर बाहेरून काळा रंग द्या, नाहीतर उजेडामुळे पाण्यात शेवाळ धरतं. झाकणाला भोकं पाडून त्यांतून वाती खाली सोडायच्या आणि वर कुंड्या किंवा कागदी पेले ठेवायचे.

खरी मेख वातीत आहे. सुती नाडी किंवा सुतळी सुरुवातीला छान चालते, पण ओल्या मिश्रणात ती लवकर कुजते. मायक्रोफायबरच्या पुसण्याच्या फडक्याची बोटभर रुंद पट्टी किंवा जाड ॲक्रिलिक लोकरीचे तीन-चार पदर एकत्र वळून घ्या. वापरण्याआधी परीक्षा घ्यायची: पेल्यात रंगीत पाणी घेऊन वातीचं एक टोक त्यात बुडवा आणि वात उभी धरा. थोड्या वेळात रंग वीतभर चढला तर वात कामाची. निम्म्यात अडला तर दुसरा कपडा शोधा. नव्या कापडाला पुष्कळदा खळ असते, ती साबणाने धुऊन काढली की तेच कापड पाणी ओढायला लागतं.

वात पेल्याच्या भोकातून आत घेऊन निम्म्या उंचीपर्यंत न्या. पेल्याचा तळ आणि पाणी यांच्यात तीन-चार सेंटिमीटर मोकळी हवा राहिलीच पाहिजे. तळ पाण्यात बुडाला की मुळांचा श्वास कोंडतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

50 किंवा 98 खाचांचा प्रो-ट्रे असेल तर प्रत्येक खाचेला वात लावत बसू नका. झाकणावर जुन्या ब्लँकेटचा तुकडा अंथरा, त्याची दोन टोकं पाण्यात सोडा आणि ट्रे त्यावर दाबून बसवा. प्रत्येक खाचेचं बूड कापडाला टेकलेलं हवं.

मिश्रण

काळी माती इथे चालत नाही, ती चिकट गोळा होऊन बसते. बियांसाठी तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा भिजवून पिळून काढा. तयार मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंबच यावेत.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. भरून झाल्यावर पहिलं पाणी वरूनच द्या, झारीने, हलक्या हाताने, आणि वातही आधी भिजवून घ्या. कोरड्या कोकोपीटमध्ये पाणी खालून चढत नाही. वात आणि मिश्रण यांच्यात पाण्याचा धागा एकदा जुळला की पुढचं काम आपोआप होतं.

बी पेरताना

मिरची, टोमॅटो, वांगं यांचं बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. उगवेपर्यंत ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा, पण पहिला कोंब दिसताच ते काढा आणि ट्रे भरपूर उजेडात न्या, नाहीतर रोपं लांबुडकी होतात. खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) आली की डबा रिकामा झाल्यावर एक दिवस तसाच राहू द्या, मग भरा. मुळांना हवा मिळते. पाणी सतत खालून वरच चढत असल्यामुळे क्षार वरच्या थरात साठून पांढरी पापडी दिसते. पंधरा दिवसांतून एकदा ट्रे उचलून वरून भरपूर पाणी द्या आणि ते निथळू द्या.

डबा आठवड्याला धुवा आणि फटींवर मच्छरदाणीचा तुकडा लावा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

कोथिंबीर, मुळा, गाजर यांचं बी थेट जागेवरच पेरावं. कोरफड, निवडुंग, अडेनियम यांना हा सततचा ओलावा मानवत नाही.

छाटकलमं

जास्वंद, मोगरा, तुळस, पुदिना या ट्रेत खुशाल लागतात. मोगरा-जास्वंदासाठी पावसाळा उत्तम. वीतभर फांदी डोळ्याच्या लगेच खाली कापा, खालची पानं काढा आणि वर दोनच ठेवा. जास्वंदाची मोठी पानं अर्धी कापा. इथे कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं घ्या, खत घालू नका. मूळ फुटवणारी पावडर असेल तर टोकाला लावा. वरून पारदर्शक पिशवी, आणि जागा सावलीची. कलम ओढून बघायचा मोह टाळा. नवं पान उमललं आणि भोकातून पांढरी मुळं डोकावली की कलम लागलं असं समजावं.

कुंडीत हलवताना वात ओढू नका. तोवर मुळांनी तिला चांगलंच कवटाळलेलं असतं, ओढली की ती तुटतात. पेल्याच्या बुडाशी वात कापून टाका, कागद सोलून काढा आणि मिश्रणाच्या गोळ्यासकट रोप लावा. पुढच्या खेपेला नवी वात घ्या.