कळ आली की श्वास कसा घ्यायचा

हिप्नोबर्थिंग म्हणजे बाळंतपणात श्वासाने अंग-मन सैल ठेवायची पद्धत, त्यात कोणी तुम्हाला झोपवत वगैरे नाही हां, पूर्ण शुद्धीतच असता. भीती वाटली की अंग आखडतं आणि आखडलं की जास्त दुखतं, एवढंच त्यामागचं गणित. तर कळ सुरू झाली की नाकाने ४ मोजत श्वास आत, मग तोंडाने ८ मोजत बाहेर, मेणबत्ती विझू न देता ज्योत फक्त हलवायची इतकी हळू फुंकर, आणि जबडा सैल सोडा, दात आवळले की खांदे वर जातातच. कळ साधारण मिनिटभराची, म्हणजे असे ५ श्वास. बोटांना मुंग्या आल्या तर श्वास भरभर होतोय, हळू करा. सातव्या महिन्यापासून रोज १० मिनिटं सराव, नवऱ्यालाच मोजायला बसवा कारण ऐनवेळी आपल्याला आकडे आठवत नाहीत. आणि एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या, श्वास तेव्हाही कामाला येतो.