गौताळ्यात जायचंय? आधी काठीचा आवाज ऐका

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली ते बरंच झालं, पण दबकत चालायची शिकाऱ्याची सवय पाखरं-जनावरं बघणाऱ्यालाही तितकीच लागते. म्हणून कन्नडमार्गे गौताळ्याच्या डोंगरात जायचं ठरलं की मी दुर्बिणीच्या आधी काठी काढतो.

पहिली तपासणी घरातच. काठी कानाजवळ धरून हलवा. दुकानातल्या सरकत्या काठीचे जोड जरा जरी खुळखुळले, तर ती नको. पिळून घट्ट करायच्या जोडापेक्षा बाहेरून खटका दाबायचा जोड बरा. सैल झालेला लगेच दिसतो आणि वाटेतच आवळता येतो. कार्बनची काठी हलकी खरी, पण दगडाच्या फटीत अडकून आडवा ताण आला की तडकते. ॲल्युमिनियमची वाकते, तरी घरापर्यंत साथ देते. आपल्या खडकाळ वाटांना मी तीच घेईन.

त्याहून मला आवडतो तो भरीव बांबू. सावलीत वाळवलेला, पेरं तासून गुळगुळीत केलेला, जवसाचं तेल मुरवलेला. त्याला जोडच नाही, मग खुळखुळणार काय? फक्त खालच्या टोकाची लोखंडी शेंबी (टोपण) काढा. काळ्या दगडावर ती टणकन वाजते आणि पलीकडच्या झाडीतली नीलगाय मान वर करते. औषधाच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीचा रबरी बूट मिळतो, तो बसवा. झिजून तळाला भोक पडतं, म्हणून एक जादा खिशात असू द्या. पावसाळ्यात ओल्या शेवाळावर मात्र रबर सटकतं; तेव्हा आवाज झाला तरी चालेल, टोकदार शेंबीच हवी. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, घामानं हात निसटत नाही.

उंचीचं सोपं आहे: सपाटीवर काठी टेकवली की कोपर काटकोनात यावं. चढाला थोडी आखूड, उताराला थोडी लांब. बांबूची लांबी बदलत नाही, तिथं मूठच खालीवर धरायची. दगडगोट्यांत मनगटाचा पट्टा काढून ठेवा. पडलात तर हात मोकळा हवा.

फेब्रुवारीनंतर सागाची पानं वाळून पापडासारखी मोडतात. तेव्हा काठी आपटत चालू नका. आधी टोकानं पान बाजूला सारा, मग टेकवा, मग पाऊल. ही चाल निघायच्या आठवडाभर आधी शेताच्या बांधावर करून बघा.