दिवाळी ते दिवाळी: घरखर्चाची वही आणि आलुबोंड्याचे पैसे

घरखर्चाचे बहुतेक सल्ले महिन्याच्या पगारापासून सुरू होतात. आमच्या हिंगणघाट भागातल्या गावांत पगारवाली घरं बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांचा पैसा दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनसोबत येतो, मग फेब्रुवारीपर्यंत कापसाच्या चुकाऱ्यात, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशात, थोडा थोडा येत राहतो आणि तूर-हरभरा विकला की आटतो. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, म्हणजे नेमकी पेरणीची धांदल असताना. बियाणं, खत, दप्तर, गणवेश सगळं एकाच वेळी दारात उभं. म्हणून महिन्याचं बजेट बाजूला ठेवा आणि दिवाळी ते दिवाळी अशी शंभर पानी वही घाला.

आधी येणारा पैसा लिहा, आणि कमीच लिहा

बारा महिन्यांची बारा पानं करा. ज्या महिन्यात जे पीक विकणार, त्या पानावर त्याचा अंदाज टाका. 2025-26 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, पण वहीत हमीभावाचा आकडा लिहू नका. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाहीत, आणि परत आणलेली गाडी मग खाजगी व्यापाऱ्याच्या भावातच खाली होते. मी 6,500च धरते. वर मिळाले तर आनंद, त्यांची जागा तेव्हा बघू.

पीएम किसानचे 2,000 चार महिन्यांनी येतात, लाडक्या बहिणीचे 1,500 महिन्याला. हे लिहा, पण पेन्सिलीनं. या पैशाच्या भरवशावर हप्त्यानं मिक्सर किंवा मोबाइल उचलू नका. हप्त्याची तारीख ठरलेली असते, खात्यात पैसा पडण्याची नसते.

चुकारा हातात पडला त्याच दिवशी वाटणी

कापूस विकून आल्यावर पैसा दोन दिवस जरी घरात मोकळा राहिला, तरी त्याला पाय फुटतात. त्याच संध्याकाळी वाटणी करा. पहिला वाटा पीककर्जाचा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज लागत नाही. मुदत चुकली की सवलत गेली. दुसरा वाटा पुढच्या पेरणीचा. तो पोस्टात किंवा बँकेत वेगळ्या खात्यात टाका, त्याचं कार्ड घरात फिरू देऊ नका.

पेरणीचा वाटा का महत्त्वाचा, ते एका हिशोबात सांगते. जूनमध्ये सावकाराकडून महिन्याला शेकडा 3 नं 10,000 घेतले आणि डिसेंबरात फेडले, तर सहा महिन्यांचं व्याज 1,800. तेच बचत गटातून शेकडा 1 नं घेतले तर 600. मधले 1,200 म्हणजे माझ्या दोन्ही पोरांचा वर्षाचा हातखर्च.

किराण्याच्या आधी हौस लिहा

इथं लोक हसतात. सासूबाईही हसल्या होत्या. पण पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून हौसेच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं. ना बाजारातला आलुबोंडा, ना कुल्फी, ना बांगड्या. पोळ्याला किराणा दुकानातली उधारीची वही उघडली तर 2,340 रुपये. तेल-साखर त्यातली निम्मीसुद्धा नव्हती. पोरांची बिस्किटं, थंड बाटल्या, शेव, माझी पावडर आणि टिकल्या, सगळं त्यात होतं. ज्या गोष्टींना वहीत जागा दिली नव्हती, त्या सगळ्या दुकानदाराच्या वहीत जाऊन बसल्या होत्या.

आता कर्ज आणि पेरणी झाली की लगेच हौसेचा आकडा लिहिते, मग बाकी घर. आमच्याकडे मी 150, हे 150, सासूबाई 100, पोरं 50-50. महिन्याचे 500, वर्षाचे 6,000. दिवाळीनंतर पैसा असतो तेव्हाच हे 6,000 काढून डब्यात ठेवायचे. जून ते सप्टेंबर हातात दमडी नसते आणि मन तेव्हाच जास्त मागतं.

एक नियम कडक पाळा: या पैशाचा हिशोब कुणी कुणाला मागायचा नाही. नवऱ्यानं बायकोला नाही, बायकोनं नवऱ्याला नाही. पोरानं पहिल्याच बाजारात 50 रुपये उडवले तर उडवले, पुढच्या महिन्यापर्यंत हात बांधून बसेल. सासूबाई आधी म्हणाल्या, "मले काय लागते वं आता, या वयात!" तरी घ्या म्हटलं. वर्षानंतर कळलं, लुगड्याच्या घडीत नोटा जमवत होत्या, शेगावला जायला.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, मात्र मी हौसेत धरत नाही. दिवसाला दोन पुड्या, 20 रुपयांची एक, म्हणजे वर्षाचे 14,600. अख्ख्या घराच्या हौसेच्या दुपटीहून जास्त, आणि वर तोंडाच्या कॅन्सरची टांगती तलवार. यांना भाषण दिलं नाही. फक्त महिनाभर पानठेल्याचा खर्च वेगळ्या पानावर त्यांच्याच हातानं लिहायला लावला. सुटला नाही, दोनाची एक पुडी झाली.

सणांची पानं आधीच भरा

सण अचानक येत नाहीत, तरी दरवर्षी आपण अचानक आल्यासारखे धावतो. पोळ्याला बैलांचा साज आणि बेगड, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरं दारात आली की बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, द्यावाच लागतो, त्यासाठी 10 च्या नोटा आठवडाभर आधी सुट्या करून ठेवा. महालक्ष्म्यांचं जेवण मोठं, तिथं पाहुण्यांची संख्या खरी लिहा. पूर्व विदर्भात असाल तर दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, पाहुणेही धरा.

सालाची साठवण

गहू, घरच्या तुरीची डाळ आणि तिखट उन्हाळ्यातच भरून ठेवा. मग महिन्याच्या किराण्यात तेल, साखर, चहा, साबण एवढंच उरतं. बाजाराला जाताना यादी आणि तेवढेच पैसे न्या.

पीक गेलं तर

2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा वही नवीनच होती. अशा वर्षी सण साधे करा, कपडे पुढे ढकला, गटाच्या बैठकीत हप्त्याचं आधीच बोलून ठेवा. हौसेचा आकडा अर्धा करा, पण शून्य करू नका, नाहीतर उधारीची वही परत जाड होते. पोरांना तेव्हा महिन्याला 20 रुपये मिळायचे, त्या वर्षी 10 केले. रविवारच्या बाजारात आलुबोंडा दोघांत एक आणि तर्री मागून दोनदा.