व्हिडिओ कॉलवर नको असलेल्या माणसाला ब्लॉक करताना

आधी स्क्रीनशॉट घ्या. पुढे तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. व्हॉट्सॲपवर त्या व्यक्तीचं चॅट उघडा, वरच्या नावावर टॅप करा आणि तळाशी जाऊन ‘ब्लॉक’ निवडा. तिला याची सूचना जात नाही. पण दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल तर तिथले मेसेज दिसतच राहतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी ग्रुप सोडावा लागतो.

झूमवर कुणी धिंगाणा घातला तर होस्टने, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याने, आधी ‘सस्पेंड पार्टिसिपंट ॲक्टिव्हिटीज’ दाबावं, म्हणजे सगळ्यांचा आवाज, व्हिडिओ, चॅट एकदम थांबतं. मग त्याला ‘रिमूव्ह’ करावं. तरीही तो परत आला? मग एकतर काढलेल्यांना पुन्हा येऊ देणारं सेटिंग चालू राहिलंय, नाहीतर तो दुसऱ्या खात्यावरून घुसलाय. वेटिंग रूम, म्हणजे होस्टने आत घेईपर्यंत लोकांना बाहेर थांबवणारी सोय, चालू ठेवाच.