हॅनिबल स्टेशनवर उतरू नका (प्युनिक शिकायला निघालेल्यांसाठी)

ट्यूनिसहून समुद्राच्या कडेनं एक लोकल जाते, टीजीएम म्हणतात तिला, आणि तिच्यावर एकट्या कार्थेजचीच (रोमशी लढलेल्या हॅनिबल सेनापतीचं प्राचीन शहर) पाच-सहा स्टेशनं आहेत. सालाम्बो, बिर्सा, देरमेश, हॅनिबल वगैरे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्थातच हॅनिबलला उतरले. एवढ्या लांब आल्यावर दुसरं कुठे उतरणार? उतार चालत समुद्राकडे गेले तर समोर अवाढव्य खांब, कमानी, मागे निळं पाणी. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "हॅनिबलचं कार्थेज!!", आईनं लगेच हात जोडलेले तीन इमोजी पाठवले. ते निघालं अँटोनिनस पायस या रोमन बादशहाच्या काळातलं स्नानगृह, इसवी सनाचं दुसरं शतक. तोवर हॅनिबलला जाऊन तीनशेच्या वर वर्षं झाली होती.

ही चूक हसण्यावारी गेली. याच्या बरोबर उलटी चूक मी पुढे केली, तिच्यात माझं एक अख्खं सेमिस्टर गेलं आणि गाईडसमोर तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

प्युनिक म्हणजे कोण (कार्थेजची माणसं, त्यांची भाषा, त्यांचा वारसा), फिनिशियन कुठून आले, रोमशी तीन युद्धं कधी झाली हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर दोन संध्याकाळी घालवा, येईल. युद्धाचे ॲनिमेटेड नकाशे बघून या विषयाच्या प्रेमात पडला असाल तर त्यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही, मीही कॅनीच्या लढाईचे (हॅनिबलनं रोमनांना चिरडलं ती) व्हिडिओ बघूनच आले. फक्त एक आत्ताच ऐकून ठेवा, इथे पहिली दोन वर्षं हत्ती नसतात. फुटक्या मडक्यांचे काठ असतात. मी सलग सहा आठवडे अँफोरांच्या (दोन कानांच्या मातीच्या रांजणांच्या) काठांची ड्रॉइंग काढत होते, रोज संध्याकाळी रडावंसं वाटायचं, आणि आज मला जे काही थोडंफार येतं ते त्या सहा आठवड्यांमुळेच येतं.

आता तो खड्डा, म्हणजे ती उलटी चूक.

माझं एमए पुण्याचं, आर्किऑलॉजीत, डिसर्टेशन वीरगळांवर. त्यामुळे उभ्या कोरीव शिळांची मला सवय होती आणि तीच नडली. कार्थेजच्या शिळा पाहिल्या की आपल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसतं, तर वर चंद्रकोर आणि बिंब. अरे हे तर आपलंच! (नाही. आपलं नाही. यावर तुलनात्मक पेपर लिहायची हुक्की प्रत्येकाला येते, येऊ द्या, जाऊ द्या.) त्याखाली तानित या देवीचं चिन्ह, म्हणजे त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, त्यावर गोल, लहान मुलानं बाई काढावी तसं. कधी उंचावलेला हात. आणि मजकूर जवळजवळ ठरलेला: देवी तानितला, जी बालचं मुख आहे, आणि स्वामी बाल हम्मोनला, अमुकचा मुलगा तमुक यानं जे नवस बोललं ते, कारण देवानं त्याचा आवाज ऐकला. पंधरा दिवसांत हे साचे वाचता येऊ लागतात आणि माणूस स्वतःला पंडित समजायला लागतो. मी तर फार लवकर समजले.

युरोपात मास्टर्सला मला एका संग्रहातल्या शिळांचे फोटो दिले, चाळीसेक असतील, वर्गीकरण करायला. मी मनाशी सरळ हिशोब मांडला. कार्थेज पडलं इ.स.पू. 146 ला, म्हणजे तानित, बाल हम्मोन, प्युनिक लिपी असं काही दिसलं की ते 146 च्या आधीचं, लॅटिन दिसलं की नंतरचं. किती सोपं! स्नानगृहाचा धडा शिकले होते ना, रोमनला प्युनिक म्हणायचं नाही एवढा, तर आता पट्टीच हातात घेतली आणि 146 वर उभी रेघ मारली. अकरा शिळा "इ.स.पू. तिसरं शतक" म्हणून टाकल्या आणि त्यावर तीस पानं लिहिली.

माझ्या गाईड मॅडमनी (तिथे सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही) पहिली शिळा उचलली आणि विचारलं, ही तारीख कुठून आली? मी म्हटलं, तानितचं चिन्ह आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसरी उचलली. ही? मी म्हटलं, लिपी प्युनिक आहे. मग त्यांनी पेन्सिलनं तीन अक्षरांखाली रेघ मारली आणि वाचायला सांगितलं. तिन्ही नुसत्या तिरक्या रेघा. ब, द की र, काही कळेना. कळणारच नव्हतं, कारण ती निओ-प्युनिक लिपी होती, घसटी, मोडीसारखी पळती, आणि तिच्यात ही तीन अक्षरं जवळपास एकसारखीच दिसतात. म्हणजे शिळा बहुधा कार्थेज पडल्यानंतरची. काही तर इसवी सनातल्या.

हे नीट समजून घ्या, मी परत सांगतेय कारण मला चारदा सांगावं लागलं होतं. 146 ला शहर पडलं, माणसं संपली नाहीत. भाषा संपली नाही, देव संपले नाहीत, नावं संपली नाहीत. लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचं रोमन थिएटर बघा, इसवी सन 1-2 मधलं, बांधकामाचा लेख लॅटिन आणि निओ-प्युनिक दोन्हींत, आणि पैसे देणाऱ्याचं नाव अन्नोबाल, म्हणजे चक्क हॅनिबल, पदवी सुफेत, जी कार्थेजच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची होती. तेही रोमन बादशहा ऑगस्टसच्या राज्यात! त्याच्याही चारशे वर्षांनंतर संत ऑगस्टिन लिहितो की आपल्या भागात प्युनिक बोलणारे लोक आहेत. ला घोर्फाच्या म्हणून ज्या शिळा ओळखल्या जातात त्या इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या, आणि त्यांच्यावर तानितचं चिन्ह हळूहळू माणसासारखं होत गेलेलं दिसतं. (आणि त्या ला घोर्फाच्या नाहीतच, मघरावा नावाच्या जागच्या आहेत. लेबल एकदा चिकटलं की निघत नाही.)

बरं, काळाचं झालं, जागेचंही तसंच. अल्जीरियात कॉन्स्टंटाइनजवळ एल होफ्राला 1950 मध्ये शेकडो शिळा निघाल्या, बाल हम्मोनला वाहिलेल्या, प्युनिकमध्ये. पण हा मुलूख कार्थेजचा नाही, शेजारच्या न्युमिडिया राज्याचा. काहींवर काळ दिलाय तो मासिनिसा राजाच्या कारकिर्दीच्या वर्षांत. मासिनिसा म्हणजे कोण, तर झामाच्या लढाईत हॅनिबलच्या विरुद्ध, रोमनांच्या बाजूनं घोडदळ घेऊन उतरलेला! कार्थेजचा शत्रू, पण त्याच्या राज्यात नवस प्युनिकमध्ये फेडले जातायत.

आपल्याकडे गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की लोक "हेमाडपंती" म्हणून मोकळे होतात. एमएला असताना मी त्या लोकांना हसायचे. तिथे जाऊन मी तेच केलं, फक्त शब्द फ्रेंच वापरले.

तर काय करायचं? तारीख चिन्हावरून नाही लावायची. आधी शिळा कुठल्या थरात, कशासोबत सापडली ते शोधायचं, सोबतच्या मडक्यांचा काळ बघायचा, मग अक्षरांचं वळण, मग शब्दलेखन (निओ-प्युनिकमध्ये घशातल्या अक्षरांचा घोळ होतो आणि तीच स्वरांसाठी वापरलेली दिसतात, हे फार उपयोगी), आणि चिन्ह अगदी शेवटी. संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंना थराची नोंद बहुतेक नसतेच, तेव्हा "इ.स.पू. 3 रे ते इ.स. 1 ले शतक" असं लिहायला लाजू नका. अशी ढगळ तारीख लिहिली म्हणून कुणी नापास होत नाही, नेमकी आणि चुकीची लिहिली म्हणून मी होता होता राहिले.

जागा बघायला जाणार असाल तर आधी केरकुआनला जा, मग कार्थेजला. केरकुआन ट्यूनिशियाच्या कॅप बॉन या भूशिरावर, अगदी समुद्राला चिकटून, इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला, पहिल्या प्युनिक युद्धाच्या धामधुमीत ओस पडलं, आणि रोमनांनी त्यावर काही बांधलं नाही. 1952 मध्ये सापडलं. घरं गुडघ्याएवढीच उरलीत पण अंगण, विहीर, आणि जवळपास घराघरात बसून आंघोळ करायचा गुलाबी गिलाव्याचा टब, हाताला टेकायला जागा असलेला. एका उंबऱ्याशी लाल फरशीत पांढऱ्या तुकड्यांनी काढलेलं तानितचं चिन्ह आहे, आपल्याकडे दारात रांगोळी काढतात त्या जागी. मी तिथे बराच वेळ बसून होते. डोळ्याला एकदा हा माल ओळखीचा झाला ना, उभे मोठे दगड आणि मधे बारीक दगडांची भर अशी भिंत, खडे घातलेली फरशी, घराखालची टाकी, की मग कार्थेजच्या गर्दीतलं प्युनिक आपोआप वेगळं दिसायला लागतं. तिथे ते कमीच आहे. बिर्सा टेकडीच्या उतारावरची घरं बघा, ती वाचली तीही गंमतच. ऑगस्टसच्या काळात रोमनांनी टेकडीचा माथा छाटून सपाट केला आणि माती उताराला ढकलली, त्या भरावाखाली ही घरं दबून राहिली. आणि गोल लष्करी बंदर, ज्यात 220 जहाजं मावायची असं अपियन हा प्राचीन इतिहासकार सांगतो, आज बंगल्यांच्या मधलं शांत तळं आहे, तिथे लोक गळ टाकून बसलेले असतात.

मिठाचं तेवढं डोक्यातून काढा. रोमनांनी कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरलं हे कुठल्याही प्राचीन लेखकानं लिहिलेलं नाही, ते आधुनिक काळात घुसलंय. एका सेमिनारमध्ये मी ते बोलले होते, भर सभेत. असो.

युद्धाकडे जायचंच असेल तर पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारापासून सुरुवात करा, पण लक्षात ठेवा की तो रोमनांच्या गोटातला, 146 ला रोमन सेनापती स्किपिओच्या शेजारी उभा राहून कार्थेज जळताना पाहणारा माणूस. कार्थेजची स्वतःची पुस्तकं जवळपास सगळी गेली. नुसत्या मुघल दरबाराच्या तवारिखांवरून मराठ्यांचा इतिहास लिहायचा म्हटलं तर कसा होईल, तसं आहे हे. म्हणून मला वस्तू आवडतात. सिसिलीत मार्सालाजवळ सापडलेलं प्युनिक जहाज, पाण्याखालच्या पुरातत्त्वातल्या ऑनर फ्रॉस्ट यांनी 1970 च्या दशकात समुद्रातून वर काढलं, त्याच्या फळ्यांवर जोडणीसाठी रंगवलेली प्युनिक अक्षरं आहेत. कुठली फळी कुठे बसवायची त्याच्या खुणा. रोमनांनी कार्थेजचं एक अडकलेलं जहाज पाहून त्याच्या नमुन्यावर शंभर जहाजं बांधली असं पॉलिबियस म्हणतो ते मला आधी थाप वाटायचं, ही अक्षरं पाहिल्यावर नाही वाटलं.

आणि एगादी बेटांजवळ, जिथे इ.स.पू. 241 च्या 10 मार्चला पहिलं युद्ध संपवणारी लढाई झाली, समुद्रतळातून जहाजांच्या नाकाडावरचे, समोरच्या जहाजाला धडक मारायचे काशाचे रॅम निघालेत, वीसच्या वर. हरले कार्थेजवाले, म्हणजे बुडालेली जहाजं बहुतेक त्यांची असायला हवीत, पण रॅमवर लेख पाहिले तर बहुतेक लॅटिन! एक मत असं की ही रोमनांचीच जहाजं, आधी 249 ला द्रेपानाच्या लढाईत कार्थेजनं 93 जहाजं पकडली होती त्यातली, आणि तीच पुन्हा रोमनांविरुद्ध वापरली. शिक्का एकाचा, जहाज दुसऱ्याचं. मॅडमनी हे उदाहरण मला मुद्दाम दाखवलं होतं, माझ्या तीस पानांच्या दुसऱ्या दिवशी.

हत्तींबद्दल एकच. पॉलिबियस कार्थेजच्या माहुतांना "इंडियन" म्हणतो. मी अर्थातच उडाले, आपली माणसं आल्प्स ओलांडून गेली! पण तोवर तो शब्द माहूत या अर्थानंच रुळला होता असं मानतात. म्हणून त्या एका शब्दावर प्रबंध उभा करू नका.

तोफेत, म्हणजे जळालेल्या अर्भकांच्या कलशांची जागा, पहिला विषय म्हणून घेऊच नका. 1921 पासून भांडण चालू आहे, हाडं तपासणाऱ्या दोन टीममध्येच अर्भकांच्या वयावरून एकमत नाही, तुम्ही-आम्ही तिथे नवखे चिरडले जातो.

भाषा. फ्रेंच लागतेच, पर्याय नाही, ट्यूनिशियाचं बहुतेक उत्खनन फ्रेंचमध्ये छापलंय. भाषांतराच्या ॲपवर मी एक वर्ष काढलं आणि फरशी आणि गिलावा यांची उलटापालट करून बसले. सिसिली-सार्डिनियासाठी इटालियन, कादिझ-इबिझासाठी स्पॅनिश, पण ती नंतर, वाचण्यापुरती. लिपी 22 अक्षरांची, उजवीकडून डावीकडे, स्वर नाहीत, घाबरू नका, थोडं हिब्रू आलं की सोपं जातं.

गाईड निवडताना नाव बघू नका, मेलला उत्तर किती दिवसांत येतं ते बघा. माझं हे मत लोकांना पटत नाही. पण मोठ्या नावाच्या एका माणसाच्या उत्तराची मी सात महिने वाट पाहिली होती, आणि ज्यांनी मला पेन्सिलनं उघडं पाडलं त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं होतं.

नोकरीचं विचाराल तर माझं काँट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे, अँफोरांच्या कॅटलॉगचं. पुढचं ठाऊक नाही. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र) आणि डेटाबेस शिकून ठेवलंय, तुम्हीही ठेवा, भाडं त्यावर निघतं. त्या अकरांपैकी सात शिळा मी परत लावल्या, सुटसुटीत नाही, ढगळच. उरलेल्या चारांपैकी एकीवर नाव आहे, पहिलं अक्षर सरळ आहे आणि पुढे एक तिरकी रेघ, ब, द किंवा र. काल रात्री परत फोटो मोठा करून पाहिला, मला द वाटतोय. मॅडमना मेल टाकलंय.