गेमिंग सोडताय? अनइन्स्टॉल करण्याआधी या चुका वाचा

गेमिंग सोडायला निघालेल्या कॉलेजातल्या मुलांशी आणि तिशी ओलांडलेल्या नोकरदारांशी मी बरीच वर्षं बोलत आलोय. प्रत्येकाचा गेम वेगळा असतो, अडखळण्याच्या जागा मात्र त्याच. त्याच त्या चुका बघून आता जीव कंटाळलाय, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आधी एक स्पष्ट करतो. सुट्टीच्या दिवशी दोन तास खेळणाऱ्यांसाठी हा लेख नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे आणि ते २०२२ पासून लागू झालं. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही, लक्षणं दिली आहेत: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. यातलं काही ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

पहाटे तीनला सगळं डिलीट करणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि हीच सर्वांत जास्त डोक्यात जाते.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. पाच जणांचा स्क्वॉड, म्हणजे संघ, आणि रोज रात्री सात ते अकरा रँक पुश, म्हणजे क्रमवारीत वर चढण्याची धडपड. एका रात्री ओळीने मॅच हरले, आपसात भांडले आणि याने पहाटे गेम काढून टाकला, क्लॅन (खेळाडूंचा कायमचा गट) सोडला, स्किन्सनी (पात्रांच्या सजावटीच्या पोशाखांनी) भरलेली आयडी, म्हणजे गेममधलं खातं, विकली. दुसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्डही विकलं. मला मेसेज आला, “दादा, सुटलो एकदाचा.”

मी विचारलं, “आज संध्याकाळी सातला काय करणार आहेस?”

“अभ्यास.”

कुठल्या विषयाचा, कुठे बसून, कुणाबरोबर, यातलं काहीच ठरलं नव्हतं. पहिले काही दिवस उत्साहात गेले. मग सात वाजले की हात आपोआप मोबाईलकडे जायला लागला. त्याच गेमचे स्ट्रीम, म्हणजे दुसऱ्यांचं थेट प्रक्षेपित होणारं खेळणं, बघणं सुरू झालं आणि चॅटमध्ये जुने भिडू भेटले. मग मोबाईलवर एक ‘साधा’ गेम आला. महिना संपायच्या आत त्याने नवं कार्ड हप्त्यावर घेतलं. नव्या आयडीवर जुनी रँक परत मिळवायची होती, म्हणून आता तो सात ते दोन खेळत होता. सोडायच्या आधी होता त्यापेक्षा वाईट अवस्थेत तो पोचला, कर्जासकट.

त्या चार तासांत त्याला काय मिळत होतं ते बघा. रायन, रिग्बी आणि प्रिझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये गेमच्या ओढीचा अभ्यास केला. त्यांच्या मते गेम माणसाच्या तीन गरजा भागवतो: निर्णय माझे आहेत, मला हे जमतंय आणि माझी माणसं माझ्यासोबत आहेत. या मुलाला दिवसभरात या तिन्ही गोष्टी फक्त सात ते अकरामध्ये मिळत होत्या. त्याने त्या एका रात्रीत बंद केल्या आणि त्यांच्या जागी ‘अभ्यास’ हा एक शब्द ठेवला.

माझी पद्धत उलटी आहे आणि उतावीळ लोकांना ती आवडत नाही. पहिला आठवडा काहीही डिलीट करू नका. साधी वही घ्या. गेम कधी उघडला, त्याच्या अगदी आधी काय झालं होतं, सोबत कोण होतं आणि बंद कधी केला, एवढंच लिहा. आठवड्याच्या शेवटी एक जड वेळ आपोआप वर येते. कुणाची ती जेवणानंतरची असते, कुणाची ऑफिसमधून घरी आल्यावरची. त्या वेळेला घराबाहेरचं असं काम लावा, जिथे तुम्ही पोचला नाहीत तर कुणीतरी फोन करून विचारेल. बॅडमिंटनचा जोडीदार, लहान मुलांची शिकवणी, नाटकाची तालीम, काहीही चालेल. कुणीतरी वाट बघत असणं महत्त्वाचं, कारण लॉबीत (मॅचआधी जमायच्या जागी) तुमची वाट बघणारे चौघे असतात आणि त्यांच्याशी एकट्याने केलेला निश्चय टिकत नाही.

हे लागल्यावर मग गेम काढा आणि पुरता काढा. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने कंपनीच्या सर्व्हरवरचं तुमचं खातं आणि क्लाउडवरची प्रगती तशीच राहते. खातं बंद करायचा अर्ज करा, लाँचर (गेम उघडायचं ॲप) काढा, पैसे भरायला साठवलेलं बँकेचं कार्ड काढा. बऱ्याच ठिकाणी अर्ज केल्यावर खातं कायमचं पुसलं जाण्याआधी काही दिवसांची मुदत असते, कुठे कुठे महिन्याभराची. त्या मुदतीत लॉगिन केलं तर मामला पुन्हा सुरू. म्हणून पासवर्ड बदलून तो घरच्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. आयडी विकू तर अजिबात नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि विकलेल्या आयडीची रँक कुठवर गेली ते बघायला माणूस हमखास परत जातो.

“फक्त शनिवार-रविवार खेळेन”

ज्याचा ताबाच सुटला आहे त्याच्या बाबतीत हे टिकताना मी फार क्वचित पाहिलंय. डेली मिशन (रोजची कामगिरी), लॉगिन स्ट्रीक (रोज न चुकता उघडल्याची साखळी) आणि सीझन संपला की बंद होणारा बॅटल पास (खेळत जाल तशी बक्षिसं देणारी योजना) यांची रचनाच अशी असते की न खेळलेला दिवस तोटा वाटावा. लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी, त्याहून वाईट. बक्षीस कधी मिळेल हे सांगता येत नसेल तर ती कृती सर्वांत चिवट होते, हे फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून १९५७ मध्येच मांडलं होतं. पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्यात बसवले ते उगाच नव्हे. किमान तीन महिने पूर्ण बंद ठेवा, वीकेंडची चर्चा त्यानंतर करू.

“एकच मॅच”

मॅच कधी संपणार हे तुमच्या हातात नसतं, आणि हरलेल्या मॅचवर कुणी उठत नाही.

सोमवारपासून नवं आयुष्य

ही माझी दुसरी नावडती चूक. गेम सुटला की माणसाला वाटतं, आता सगळं एकदम. पहाटे पाचला उठणं, जिम, कोडिंगचा कोर्स, गिटार, रोज पन्नास पानं वाचन. यादी बघूनच मला पुढचं चित्र दिसतं.

गेम तुम्हाला सेकंदासेकंदाला सांगतो की तुम्ही पुढे गेलात. गिटार तीन आठवडे फक्त बोटं दुखवते. वर्षानुवर्षं एक्सपी बार (गुणांची पट्टी) भरताना बघितलेल्या डोळ्यांना हा संथपणा अपयशासारखा दिसतो. त्यात ते ‘२१ दिवसांत सवय’ वाले व्हिडिओ. हा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणातून आला आहे: नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी साधारण २१ दिवस लागत. सवयींशी त्याचा संबंध नंतर लोकांनी जोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा साध्यासुध्या रोजच्या सवयी अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. बाविसाव्या दिवशी गिटार कोपऱ्यात ठेवणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं.

सवयींना पॉइंट आणि बॅज देणारी ॲपही मला पटत नाहीत. रात्र रात्र मोबाईल गेम खेळणाऱ्या एका ताईंनी गेम सोडून असं एक ॲप घेतलं. दोन महिन्यांनी त्या चालायला न जाता ‘चालले’ वर टिक करत होत्या, कारण स्ट्रीक तुटली असती. गेम बदलला होता, एवढंच.

मी एकच गोष्ट घ्यायला सांगतो, रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. वाद्य असेल तर पहिल्या दिवशी वाजवलेलं रेकॉर्ड करा आणि महिना संपेपर्यंत ऐकू नका. चित्र असेल तर तारीख घालून पाकिटात ठेवा. महिन्याने जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघा. रोज मोजलं तर प्रगती दिसत नाही, महिन्याने दिसते. आणि आयुष्याचा उद्देश शोधत बसू नका. मी ज्यांना सावरताना पाहिलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो कुणाच्या तरी उपयोगी पडता पडता सापडला. त्या इंजिनीअरिंगच्या मुलाचं दुसऱ्या खेपेला जमलं, ते धाकट्या चुलतभावाला रोज सातला गणित शिकवायला लागल्यावर. चुलतभावाची दहावी होती, दांडी मारायची सोय नव्हती.

एकदा घसरलं की सगळं सोडून देणं

एका रात्री खेळलात, मग “गेलंच सगळं” म्हणून पुढचा आठवडाभर खेळलात. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी हाच सापळा दाखवून दिला होता: एका चुकीपेक्षा त्यानंतरची अपराधी भावना माणसाला जास्त खोल नेते. लॅलींच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय जुळण्यात मोठा फरक पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेम पुन्हा काढा, वहीत चार ओळी लिहा आणि संध्याकाळी सातला ठरलेल्या जागी जा.

पालकांनी राउटर काढून घेणं

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदाच केला होता की १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद. मुलं आईवडिलांच्या ओळख क्रमांकावरून खेळायला लागली. २०२१ मध्ये सरकारने तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. देशाला जमलं नाही ते तुम्ही प्लग काढून कसं करणार? मुलाला विचारा, गेममध्ये त्याचे कोण कोण मित्र आहेत. त्यांची नावं तुम्हाला माहीत नसतील तर सुरुवात तिथून करा.

डॉक्टरकडे जायला उशीर करणं

पहिले एक-दोन आठवडे चिडचिड होणं, झोप नीट न लागणं हे बरेचदा दिसतं. पण उदासी हटत नसेल, कॉलेज किंवा नोकरी सुटायची वेळ आली असेल, उधारी झाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी जा. गेमिंगच्या खाली नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेचा विकार दडलेला असू शकतो, आणि मग फक्त गेमशी झगडून भागत नाही. जाताना ती वही सोबत न्या. खेळलेले तास अंदाजाने सांगताना माणूस जवळजवळ नेहमी कमी सांगतो, आणि डॉक्टरांना खरा आकडा लागतो.