शाळेचा पहिला मुक्कामी कॅम्प: घरच्यांनी काय काय तयारी करायची

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या ग्रुपवर नोटीस पडते, सहावीचं निसर्ग शिबिर, दोन दिवस एक रात्र, भंडारदरा, आणि त्याच संध्याकाळपासून आयांचे फोन सुरू होतात की बाई पाठवू का, हा कधी एकटा राहिलेला नाही, रात्री कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही वगैरे. मी पुण्यातल्या एका शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे, आठ वर्षं झाली मुलांना घेऊन जातेय, आणि माझी स्वतःची लेक गेली तेव्हा पालक म्हणूनही सकाळी सहाला शाळेच्या गेटवर उभी राहिलेय, त्यामुळे दोन्हीकडची धाकधूक मला माहितीये. पाठवा असंच मी सांगते. पण पाठवायच्या आधी महिनाभर घरी थोडी तयारी करा, ती कशी करायची ते सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक प्रसंग सांगते. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट, डिसेंबरचा शेवट, रात्री साडेबाराला मी तंबूंमधून चक्कर मारत होते तर एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसलेला. स्वेटर कुठाय रे, तर म्हणे आईने दिलाय पण कुठे ठेवलाय माहीत नाही. त्याची बॅग टॉर्चच्या उजेडात आम्ही दोघांनी उपसली. सगळं इस्त्री करून, घड्या घालून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट भरलेलं, आणि एकदम तळाला, लाडवांच्या डब्याखाली, नवाकोरा स्वेटर. त्या माउलीने रात्री जागून बॅग भरली होती, काही म्हणजे काही विसरली नव्हती, फक्त ती बॅग मुलाने भरलेली नव्हती. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच, बॅग मुलाला भरू द्या. तुम्ही यादी घेऊन शेजारी बसा, हात मागे ठेवा. वाकडी घडी झाली तर होऊ दे. एकदा भरून झाली की सगळं बाहेर काढायला लावा आणि परत भरायला लावा, कारण परत येताना तिथे आई नसते आणि स्लीपिंग बॅग त्या छोट्या पिशवीत पुन्हा कोंबायची कशी हेच निम्म्या वर्गाला येत नाही. शेवटी दिवे घालवा आणि सांगा, अंधारात कानटोपी काढून दाखव. खेळ म्हणून मुलं आवडीने करतात.

महिनाभर आधी काय करायचं, तर एक रात्र मुलाला आजीकडे, मावशीकडे, नाहीतर शेजारच्या मित्राकडे तुमच्याशिवाय झोपायला पाठवा. फोन करायचा नाही, सकाळी आणायला जायचं. ते जमलं की घरीच एक रात्र हॉलमध्ये किंवा गच्चीत सतरंजीवर झोपायचं, उशी नाही, पंखा नाही. त्याच महिन्यात रोज स्वतःचं ताट घासणं, बुटाची नाडी बांधणं, वेणी निदान एक साधी पोनी तरी स्वतः घालणं, बादलीत तांब्याने आंघोळ करणं हे सुरू करा. आणि एक गोष्ट लोक लाजून बोलत नाहीत पण मी बोलते, फ्लॅटमधल्या मुलांना भारतीय पद्धतीच्या संडासात बसायची सवयच राहिलेली नाही, मग ती दोन-दोन दिवस जातच नाहीत, पोट दुखतं, चिडचिड होते, आणि आपल्याला वाटतं घरची आठवण येतेय. गावाकडे गेलात तर, किंवा जिथे असा संडास मिळेल तिथे, मुद्दाम सराव करून घ्या.

आरोग्याचा फॉर्म खरा भरा. हे मी हात जोडून सांगते. दमा आहे, फिट येऊन गेलीये, शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, झोपेत चालतो, अंथरूण ओलं होतं, हे लपवायचं कारण एकच असतं की शाळा नेणार नाही किंवा पोरं हसतील. उलट आहे, माहीत असलं तर आम्ही सांभाळू शकतो. दम्याच्या मुलाला आम्ही शेकोटीच्या धुराकडे बसवत नाही, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसवतो, आणि पंप बॅगेत न ठेवता बाईंच्या कमरेच्या पाऊचमध्ये असतो. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलासाठी तर सोपी युक्ती आहे, झोपायच्या आधी दीड-दोन तास पाणी कमी, लघवीला जाऊन मगच झोपायचं, एक कोरडी पँट आधीच स्लीपिंग बॅगच्या पायाशी ठेवलेली, आणि अकराच्या सुमाराला मी हळूच उठवून नेऊन आणते. मुलाला घरीच सांगून ठेवा की बाईंना माहितीये, बाकी कुणाला कळणार नाही. औषधं असतील तर मुलाच्या बॅगेत न टाकता बाईंच्या हातात द्या, प्रत्येक पुडीवर नाव, किती, कधी, जेवणाआधी की नंतर हे मोठ्या अक्षरात लिहा. ‘ती पिवळी गोळी’ असं तोंडी सांगितलेलं साठ मुलांच्या गोंधळात लक्षात राहत नाही.

मुलींच्या आयांनी आणखी एक करायचं. पाळी सुरू झालेली नसली तरी पाचवी-सहावीत कधीही येऊ शकते, आणि पहिली पाळी नेमकी कॅम्पमध्ये आलेली मी दोनदा पाहिलीये. त्यातल्या एका मुलीला घरी सगळं सांगितलेलं होतं, ती शांतपणे येऊन म्हणाली बाई मला ते झालंय. दुसरीला काहीच माहीत नव्हतं, तिला वाटलं आपल्याला काहीतरी भयंकर लागलंय, तासभर ती संडासातून बाहेर आली नाही. एका छोट्या पाऊचमध्ये दोन-तीन पॅड, एक जास्तीची चड्डी, गुंडाळायला जुना पेपर एवढं ठेवा, कसं वापरायचं ते दाखवा, आणि सोबत बाई कोण आहेत त्यांचं नाव सांगून ठेवा. आणि मुलगा असो मुलगी असो, कुणी नको तिथे हात लावला, कुणी एकटीला-एकट्याला कुठे बोलावलं, तर मोठ्याने नाही म्हणायचं, तिथून निघायचं आणि लगेच बाईंना सांगायचं, मग तो माणूस कुणीही असो, हे स्पष्ट शब्दांत बोला. आई-बाबांपैकी एकाचा नंबर तोंडपाठ हवाच.

आता सामान. नवीन काही विकत आणू नका, हे आधी. स्वेटर नाही, बॅग नाही, शूज नाहीत म्हणून मुलाला घरी ठेवणारे पालक असतात, त्यांनी वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन सांगा, शाळेत नाहीतर मोठ्या भावंडांच्या घरी सगळं मिळतं. पैशाचंही तसंच, आधी बोला, मार्ग निघतो. बूट तर जुनेच हवेत, कारण नवे बूट चालून चालून टाचेला फोड आणतात आणि मग मुलाचा दुसरा दिवस तंबूत जातो. भंडारदऱ्याला भर थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, धरणाच्या पाण्यावरून वारा येतो तो वेगळाच, त्यामुळे एक जाड जॅकेट देण्यापेक्षा बनियन, फुल टीशर्ट, स्वेटर, वर विंडचीटर असे थर द्या, दिवसा ऊन चांगलंच लागतं तेव्हा एकेक काढता येतात. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. मोज्यांचे तीन जोड द्या आणि त्यातला एक फक्त झोपताना घालायचा, तो दिवसा बॅगेतून बाहेर काढायचाच नाही असं बजावून सांगा. थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते, म्हणून दोन ब्लँकेट पांघरायला देण्यापेक्षा एक सोलापुरी चादर घडी करून खाली घालायला द्या, कॅरीमॅट असेल तर उत्तमच. टॉर्च हवा, सेल नवे घालून, मोबाइलचा नाही. टॉर्चवर बांधायला लाल जिलेटिन पेपरचा तुकडा आणि रबरबँड द्या, आकाश बघताना पांढरा उजेड पडला की डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागतो, लाल उजेडात तसं होत नाही. शनिवारचे कपडे एका कापडी पिशवीत, रविवारचे दुसऱ्या, ओल्यासाठी एक रिकामी. प्रत्येक गोष्टीवर मार्करने नाव. आणि हो, एक स्टीलची ताटली, पेला, चमचा, पाण्याची बाटली.

खाऊ थोडाच द्या, चिक्की, भडंग, दोन-चार लाडू, तेही वाटून संपेल एवढंच. तंबूत खाऊ राहिला की उंदीर येतात, दिवसा माकडं येतात, म्हणून आम्ही रात्री सगळा खाऊ गोळा करून घेतो. जेवण तिथल्या गावातल्या मावशी करतात, भात, आमटी, पिठलं, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी. घरी भाकरी होत नसेल तर महिन्यात चार वेळा करा, म्हणजे मूल तिथे ताट बघून रडणार नाही.

बस लागणाऱ्या मुलांसाठी. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर, तिथून अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता आहे, पाच तास तरी धरा, आणि अकोल्यानंतर वळणंच वळणं. सकाळी दूध पाजून पाठवू नका, कोरडी पोळी किंवा टोस्ट खायला द्या. उलटीची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, बसमध्ये मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. पुढची सीट आम्ही देतो, खिशात आल्याची वडी आणि दोन पिशव्या असू द्या.

जायच्या आधी एका संध्याकाळी मुलाबरोबर नकाशा उघडून बसा, माझ्या मते धाकधूक कमी करायला याच्याइतका चांगला उपाय नाही, कारण अनोळखी जागेचीच भीती वाटते. हे बघ, हे कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, तुमच्या तंबूच्या जवळच. हे विल्सन धरण, प्रवरा नदीवरचं, १९२६ साली पुरं झालं, म्हणजे पणजोबांच्या वेळचं. हा रतनगड. इथे डांगी जातीच्या गाई असतात, मुसळधार पावसातही टिकणाऱ्या. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, त्यांनी गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि रात्री गच्चीत जाऊन मृग नक्षत्रातले ते ओळीतले तीन तारे दाखवा, त्या रेषेत खाली गेलं की झगझगीत व्याध. रात्री घरची आठवण येऊन रडणाऱ्या एका मुलीला मी तंबूबाहेर आणलं तर तिने स्वतःच बोट दाखवलं, हे आमच्या गच्चीतून पण दिसतात. मग झोपली.

शाळेला प्रश्न विचारायला कचरू नका, चांगल्या शाळेला त्याचा राग येत नाही. किती मुलांमागे एक शिक्षक, मुलींबरोबर रात्री बाई आहेत का, संडास तंबूपासून किती लांब आणि वाटेत दिवा आहे का, पाणी उकळलेलं का, बस रात्रीची चालवणार का, जवळचं सरकारी रुग्णालय किती किलोमीटर आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, एक गाडी रात्रभर कॅम्पवर थांबणार का. पाण्यात उतरवणार का हे तर पहिलं विचारा. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची मुलं बुडाली, ती तर मोठी होती. धरणाच्या काठाला पाणी उथळ दिसतं आणि दोन पावलांवर एकदम खोल होतं, म्हणून आमच्याकडे नियम आहे, काठावर जायचं तर शिक्षकाबरोबर, पाण्यात पाय नाही. सापाबद्दल घाबरवू नका, पण सांगा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावलेलं कधी कधी कळतही नाही, म्हणून तंबूची चेन कायम बंद, बूट घालायच्या आधी झटकायचे, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही, सरपणाच्या ढिगात हात नाही. काही टोचल्यासारखं वाटलं तर रात्री दोन वाजता सुद्धा बाईंना उठवायचं, बाई रागावणार नाहीत. दंश झालाच तर कापणं नाही, आवळून बांधणं नाही, पाय हलू न देता थेट रुग्णालय, १०८ ला फोन.

निघायच्या आदल्या रात्री फक्त एक वाक्य टाळा, ‘नाही करमलं तर फोन कर, आम्ही न्यायला येऊ.’ प्रेमाने म्हणता, मला कळतं, मी पण म्हणणार होते. पण मूल ते ऐकतं की आई-बाबांना वाटतंय मला जमणार नाही, आणि मग संध्याकाळी सातला जरा उदास वाटलं की ते तेवढंच धरून बसतं. त्याऐवजी सांगा, आठवण येईल, सगळ्यांनाच येते, आली की बाईंना सांग आणि मित्राशेजारी जाऊन बस. तिथे रेंज तशीही धड नसते. आमचा एक मेसेज पोचल्यावर, एक रात्री जेवणं झाल्यावर, एक सकाळी, तेवढ्यावर भागवा. मेसेज आला नाही म्हणजे काही झालंय असं नाही, काही झालं तर फोन येतो, मेसेज नाही. गेटवर निरोप देताना मिठी मारा, हात हलवा आणि बस हलायच्या आत निघा, खिडकीशी रडत उभी आई दिसली की मागच्या तीन सीट रडतात.

परत आल्यावर ‘जेवलास का, कपडे कुठायत, किती काळा झालास’ लगेच नको. भूक आणि झोप आधी, गोष्टी आपोआप बाहेर येतात, कधी दोन दिवसांनी. आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे गोचीड चिकटलीये का बघा, असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, तेल किंवा पेटती काडी लावत बसू नका. बॅगही त्यालाच रिकामी करू द्या. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर घरच्या घरी गोळी देऊन थांबू नका, डॉक्टरांकडे जा आणि आपणहून सांगा की मूल रानात, गवतात राहून आलंय, कारण काही ताप गवतातल्या बारीक किड्यांमुळे येतात आणि हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या ते पटकन डोक्यात येत नाही.